तांदळाचें मधुर मद्य

भोरकडील नीरा-वेळवंडीच्या खोऱ्यांत आणि वेल्ह्याकडील कानद व गुंजण मावळांत आश्विनाच्या सुमारास जो आंबेमोहोर फुलतो, त्याच्या सुवासाची ख्याति पुण्याच्या पेठांत फार जुनी आहे. त्या तांदळाचा साखरभात होतो, खीर होते, आजाऱ्यासाठीं पेज होते. परंतु त्याच्या मद्याची कीर्ति श्रोत्यांपैकीं फारशी कोणाच्या कानीं आली नसेल. जपानांत मात्र तांदळाच्याच मद्याला, म्हणजे साकेला, भोजनांतीं चाखावयाच्या मिष्टान्नाची योग्यता प्राप्त झाली. हा फरक कशानें पडला?

विद्येच्या अभावानें खास नव्हे. तांदळांत साखर नसते, पीठ असतें. त्या पिठाची साखर झाल्यावांचून मद्य होत नाहीं. हें काम जपानी लोक ‘कोजी’ नांवाच्या बुरशीकडून करवितात. भारतांतहि मद्य आंबविण्यासाठीं ‘किण्व’ होतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘मेदक’ नांवाच्या मद्याचें प्रमाण दिलें आहे : १ द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि ३ प्रस्थ किण्व. म्हणजे १६ भाग पाण्यास तांदूळ अवघे २ भाग! प्रकरण काटकसरीचेंच म्हणावयाचें.

जपानी दरबारानें उलट वाट धरली. इ. स. ९२७ मध्यें पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या राजनियमसंग्रहांत दरबारी मद्याची कृति आहे. तयार मद्य गाळावें, त्यांतच पुन्हां भात व कोजी घालावी, आणि पुन्हां गाळावें. याच तत्त्वावर १९७३ सालीं तेथील सरकारी मद्यसंशोधनशाळेनें ‘किजोशु’ सिद्ध केलें. यांत शेवटच्या भरणीच्या वेळीं कांहीं पाण्याऐवजीं तयार साके ओततात. त्या मद्यार्कानें किण्वाणूंचा वेग मंदावतो. कोजीचें काम मात्र चालूच राहतें, आणि साखर शिल्लक उरते. मुरल्यावर त्याला मधासारखा रंग चढतो. लहानशा पेल्यांत, थंड करून, घोट घोट घ्यावयाचें तें पेय आहे. घटाघटा पिणारास त्याची गोडी कळावयाची नाहीं.

परंतु पाण्याच्या जागीं मद्य, म्हणजे तांदळावर आणखी तांदूळ. खुद्द जपानांतहि तोकुगावा राज्यकर्त्यांस वाईट पिकाच्या वर्षीं मद्यशाळांवर निर्बंध घालावे लागले. माणसांच्या तोंडचें धान्य पिंपांत जात होतें.

मावळांत तर अशी चैन कोठून व्हावी? राब भाजून, चिखलांत लावणी करून पिकविलेला तांदूळ बाजारीं जाई, आणि पिकविणाराच्या ताटांत डोंगरउतारावरील नाचणी किंवा वरी येई. मुंबई इलाख्यांत देशी दारू मुख्यतः मोहाच्या फुलांची. तिला खाचरांतील दाणा लागत नसे. १९४८ सालीं भोर संस्थान विलीन झालें, आणि लगेच १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला. आंबेमोहोराचें उत्पन्न मुळांतच थोडें. त्याच्याच वंशांतील ‘इंद्रायणी’ वाण १९८७ सालीं वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांतून बाहेर पडल्यावर पुष्कळ खाचरें तिच्याकडे वळलीं.