जहाजाच्या पोटातले आवाज

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्यात 'तलवार' या नौदलाच्या सिग्नल शिक्षण केंद्रात खलाशांनी निकृष्ट जेवणाला हात लावायचं नाकारलं. निमित्त जेवणाचं, मुळाशी गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ, पगारातला भेद आणि आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी तापलेली हवा. संप कराचीपर्यंत पोचला. ७८ जहाजं, सुमारे २०,००० खलाशी. युनियन जॅक उतरला आणि काँग्रेस, मुस्लिम लीग, कम्युनिस्ट पक्ष या तिघांचे झेंडे एकत्र चढले. ज्यांनी अन्न नाकारलं, त्यांच्यासाठी मुंबईकर गेटवेवर डबे आणि फळं घेऊन आले. २२ तारखेला गिरणगाव रस्त्यावर उतरलं. लष्कराच्या नि पोलिसांच्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं गेली. परळला कमल दोंदे गेल्या. दुसऱ्या दिवशी सरदार पटेलांच्या सल्ल्याने खलाशांनी शस्त्रं खाली ठेवली.

ही हकिकत २०१७ साली विवान सुंदरम आणि आशिष राजाध्यक्ष यांनी एका मांडणशिल्पातून उभी केली. मांडणशिल्प म्हटलं की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, पण हे समजायला अवघड नव्हतं. जहाजाच्या पोटासारखं एक धातूचं दालन. आत शिरायचं, बसायचं आणि ऐकायचं. सुमारे ४० मिनिटं फक्त आवाज. रेडिओवाल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच!

जागाही बोलकी होती. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. ब्रिटनच्या युवराजाने पायाभरणी केलेल्या त्या वास्तूपासून गेटवे चालत काही मिनिटांवर.

शीर्षकात 'फेल्ड अ‍ॅक्शन', अपयशी कृती, असे शब्द होते. मला ते पटतात. या बंडामुळेच कॅबिनेट मिशन आलं असं अभिमानाने सांगितलं जातं. पण त्याची घोषणा १९ फेब्रुवारीलाच झाली होती आणि निर्णय त्याही आधीचा. बंडाचं मोल ठरवायला असल्या श्रेयाची गरज नाही. स्मृतीतून ते गळालं याचं कारण मात्र उघड आहे: कोणत्याच मोठ्या पक्षाला त्याचं पालकत्व नको होतं. १९६५ साली उत्पल दत्त यांनी 'कल्लोल' नाटकात ते मांडलं, तर त्याच वर्षी त्यांना तुरुंगात टाकण्यात आलं.

सुंदरम २०२३ साली गेले. बंडानंतर शेकडो खलाशी बडतर्फ झाले होते. पुढच्याच वर्षी नौदलाचे दोन भाग झाले, भारताचा आणि पाकिस्तानचा. दोघांनीही त्यांना परत घेतलं नाही.