कडबाकुट्टीपासून रोबोंच्या कुस्तीपर्यंत

मंडळी, पलूस म्हटलं की बाहेरच्या लोकांना द्राक्षं आठवतात. कुस्तीचा नाद असेल तर शेजारच्या कुंडलचं मैदान आठवतं. आज मात्र लिहायचंय ते आमच्या भागातल्या फिरत्या पात्यांबद्दल. विषय जरा विचित्र आहे, पण धीर धरा, संगती लागेल.

गोठा असलेल्या घरात वाढलेल्यांना कडबाकुट्टी काय ते सांगायला नको. एक जडशीळ बिडाचं चाक, त्याच्या आऱ्यांवर बसवलेली वाकडी पाती आणि फिरवायला मूठ. सुरुवातीला चाक हलता हलत नाही. एकदा फिरायला लागलं की पेंढीच्या पेंढी खाऊन टाकतं! गंमत अशी, की हात एका वेळी थोडीच ताकद देतो, पण चाक ती साठवत जातं. पातं कडब्याला भिडलं की साठलेली ताकद क्षणात बाहेर येते. इंजिनिअर लोक अशा चाकाला फ्लायव्हील म्हणतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी जी यंत्रं बनवून विकायला सुरुवात केली, त्यांत पहिली ही कडबाकुट्टीच. १८६९ सालचा जन्म. व्हायचं होतं चित्रकार, म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. तिथे कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. मग यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, त्यातून पुढे कारखाना. १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, पण शेतकरी त्याला हात लावेनात. लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षं लागली.

पुढे बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी १०,००० रुपये. जमीन म्हणजे माळच, निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० ला तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. आता पलूस तालुक्यात येते ती हीच. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा मिळवून त्या वितळवल्या आणि नांगर ओतले! शाहू महाराजांचा काळ तो. पुढे १९२० च्या दशकात इथे पंप बनायला लागले. पंपाच्या पोटातही शेवटी एक फिरतं चाकच.

तर तोफेचा नांगर झाला. आता उलटी गोष्ट ऐका, घर झाडायच्या यंत्राचं हत्यार कसं झालं त्याची.

अमेरिकेत सिनेमांसाठी मॉडेलं बनवणारा मार्क थॉर्प नावाचा माणूस १९९२ च्या सुमारास रिमोटवर चालणारा व्हॅक्युम क्लीनर करायच्या खटपटीत होता. तो काही जमला नाही. पण त्यातून रिमोटच्या यंत्रांची झुंज लावायची कल्पना सुचली आणि १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिली 'रोबॉट वॉर्स' स्पर्धा झाली. पुढच्याच वर्षी जेमी हाइनमननं 'ब्लेंडो' आणला. हाइनमन म्हणजे पुढे 'मिथबस्टर्स'मध्ये दिसला तो मिशीवाला. ब्लेंडो म्हणजे काय, तर पालथी घातलेली मोठी कढई, तिच्या कडेला पाती आणि आत गवत कापायच्या यंत्राचं इंजिन. अख्खी कढईच गरगर फिरायची. समोरच्या रोबोचे तुकडे कठड्यावरून प्रेक्षकांकडे उडाले आणि त्याला थांबवावं लागलं. स्वस्तातलं फिरतं हत्यार काय करू शकतं, ते सगळ्यांना दिसलं. १९९८ मध्ये बीबीसीनं ही झुंज टीव्हीवर आणली आणि 'हिप्नो-डिस्क'सारखे चाकवाले रोबो घराघरांत पोचले. आपल्याकडे हे खूळ इंजिनिअरिंग कॉलेजांच्या महोत्सवांतून पसरलं.

आणि आता ते आमच्या घरात आलंय. माझा पुतण्या आणि त्याचे चार मित्र १५ किलो वजनगटातला रोबो बांधताहेत. प्रत्येकी पाच हजार, म्हणजे पंचवीस हजारांत सगळं बसवायचं. ब्राझीलमधल्या मार्को मेज्जिओलारो या प्राध्यापकानं आपल्या विद्यार्थ्यांच्या अनुभवावरून लढाऊ रोबोंवर एक भलंमोठं पुस्तक लिहून फुकट वाटलंय, तेच यांची पोथी. त्यात वजनाची वाटणी दिलीय. ३० टक्के चाकं आणि त्यांच्या मोटारी, ३० टक्के हत्यार, २५ टक्के सांगाडा आणि चिलखत, उरलेले १५ टक्के बॅटरी नि वायरिंग.

पात्यासाठी त्यांनी ट्रॉलीच्या स्प्रिंगचा पाटा निवडलाय. भंगारात किलोवर मिळतो आणि पोलाद चिवट असतं. पण तो गॅस कटरनं कापला की कडेचं पाणी उतरतं आणि धार दुमडते. नको तितकं पाणी दिलं तर पातं काचेसारखं तुटतं. ताकद द्यायला व्ही-बेल्ट, कारण धक्का बसला की बेल्ट घसरतो आणि मोटर वाचते. पात्याचं एक टोक किंचित जड राहिलं तर सगळा रोबो थडथडायला लागतो.

मी सहज आकडेमोड केली. एक किलोचं, ३० सेंटीमीटर लांबीचं पातं मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर त्यात सुमारे १,४८० ज्यूल ऊर्जा साठते. १५ किलोचा रोबो जमिनीपासून १० मीटर वर उचलायला पुरेल एवढी! टोकाचा वेग ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास. आणि फेरे दुप्पट केले की ऊर्जा चौपट.

हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. लहानपणी शेजारच्या आजोबांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. बाकीची दोन एका जुन्या, बिनझाकणाच्या कडबाकुट्टीत गेली. चाक साठवलेली ताकद देताना समोर कडबा आहे की बोट, हे बघत नाही. म्हणून पोरांना मी बजावलंय. पातं फिरवायचं ते बंद पिंजऱ्यातच. बॅटरी जोडताना पात्याला आडवी खीळ घातलेली हवी, आणि ती काढायची सगळ्यात शेवटी. सरावातही हे नियम मोडायचे नाहीत.

दादाचा आक्षेप वेगळा. "मोडायचीच यंत्रं करायची तर शिकायचं कशाला? त्यापेक्षा शेताच्या उपयोगाचं काहीतरी करा की!" त्याचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. पंचवीस हजार म्हणजे काही थोडी रक्कम नव्हे.

पण मला वाटतं, उपयोगाचं यंत्र करायच्या आधी आपलं यंत्र चारचौघांत मोडलेलं बघायला हवं. पंपाचं बेअरिंग दोन वर्षांनी जातं. तोवर बनवणारा कुठे असतो नि वापरणारा कुठे, आणि भुर्दंड पडतो शेतकऱ्याला. इथे तीन मिनिटांच्या लढतीत कळतं की वेल्डिंग कच्चं होतं, शाफ्ट बारीक होता, वायर सैल होती. भुर्दंडही स्वतःच्याच खिशाला. रात्रभर जागून पोरं पुन्हा जोडतात. लक्ष्मणरावांचा नांगर दोन वर्षं पडून राहिला, ती दोन वर्षंही त्यांनी स्वतःच सोसली होती, गिऱ्हाइकावर ढकलली नव्हती. या पोरांपैकी एखादा उद्या फवारणी यंत्र करेल किंवा पंप करेल, तेव्हा खीळ कुठे हवी आणि झाकण कुठे हवं हे त्याला सांगावं लागणार नाही.

दादाला हे सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, पण जुन्या ट्रॉलीचा एक पाटा पोरांना न्यायला दिला.

तुमच्या घरातही अशी मोडतोड करणारी पोरं असतील. त्यांना तुम्ही पैसे देता की उपदेश? जरूर कळवा. आणि जुन्या कडबाकुट्टीचं चाक कुणाच्या गोठ्यात गंजत पडलं असेल तर तेही कळवा, पोरं वजन करून रोख पैसे देतील म्हणताहेत.