डोळे येणे : घरी घ्यावयाची काळजी आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

पावसाळ्यात डोळ्यांची साथ येणे आपल्याला नवीन नाही. २०२३ च्या जुलै महिन्यात आळंदीतील शाळकरी मुलांपासून बुलढाणा जिल्ह्यापर्यंत हजारो लोकांचे डोळे आले होते. भिवंडीजवळच्या राहनाळसारख्या गोदामांच्या गावी, जेथे एका खोलीत अनेक कामगार राहतात व एकच टॉवेल चौघांच्या हाती जातो, तेथे अशी साथ पसरण्यास वेळ लागत नाही.

साथीतील हा आजार बहुधा विषाणूंमुळे होतो. डोळा लाल होतो, खुपतो, पाणी वाहते व सकाळी पापण्या चिकटतात. रुग्णाकडे नुसते पाहिल्याने लागण होत नाही. डोळ्यांतील पाणी हाताला, हातावरून उशीला वा दाराच्या कडीला लागते आणि तेथून ते दुसऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचते. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, साथ रोखत नाही.

आजार साधारणतः एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून पापण्या पुसाव्यात, प्रत्येक डोळ्यासाठी नवा बोळा घ्यावा व नंतर साबणाने हात धुवावेत. थंड पाण्याच्या घडीने आराम पडतो. टॉवेल, उशी व काजळाची डबी वेगळी ठेवावी. मध, गुलाबपाणी किंवा आईचे दूध डोळ्यात घालू नये; आजीची माया खरी असली तरी त्यातून नवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्याहून घातक म्हणजे मेडिकलमधून परस्पर आणलेले किंवा मागील साथीतले उरलेले थेंब. त्यांत स्टेरॉइड असल्यास काही विषाणूंचा संसर्ग बळावून बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

तीव्र वेदना, अंधुक दिसणे, उजेड असह्य होणे, बुबुळावर पांढरा ठिपका, डोळ्याला मार लागलेला असणे, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. आठवड्याभरात उतार न पडल्यासही जावे. जन्मापासून पहिल्या महिन्यातील बाळाच्या डोळ्यांतून पू येत असेल तर एक दिवसही थांबू नये, मग बाप्तिस्म्याची तारीख ठरलेली का असेना! राहनाळकरांना भिवंडीतील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय जवळ आहे.

डोळे आलेल्या भाविकाने रविवारच्या मिस्सेला न येण्यात पाप नाही. आजारपण हे त्यासाठी पुरेसे कारण आहे. साथीच्या दिवसांत शांतीचे अभिवादन हात जोडून करावे, आणि प्रवेशद्वारावरील पवित्र पाण्यात बोटे बुडविण्याची प्रथा काही आठवडे थांबवावी. मुलांना डोळ्यांतील पाणी व लाली ओसरल्यावरच शाळेत व धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवावे.