दोन पेन्सचे तिकीट

बसचे तिकीट म्हणजे कागदाचा लहानसा तुकडा. पण त्यावर किती रक्कम छापायची आणि ती कोणी भरायची, या प्रश्नावर इंग्लंडमधील एक काउंटी दशकभर दिल्लीसारख्या दूरच्या नव्हे, तर स्वतःच्याच पक्षाच्या सरकारशीही भांडली. तिचे नाव साउथ यॉर्कशायर.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. १ एप्रिल १९७४ रोजी शेफिल्ड, रॉदरहॅम, डॉन्कास्टर आणि बार्न्सली मिळून ही नवी काउंटी कारभार पाहू लागली. पोलादाचे कारखाने आणि कोळशाच्या खाणी यांचा हा मुलूख, कष्टकऱ्यांचा. काउंटी कौन्सिलमध्ये मजूर पक्षाचे बहुमत होते. कौन्सिलने १९७५ पासून एक साधे धोरण धरले: बसभाडे वाढवायचे नाही.

यात खुबी अशी की, भाडे कमी करण्याची गरजच पडली नाही. त्या वर्षी ब्रिटनमध्ये महागाई चोवीस टक्क्यांच्या वर गेली होती. भाकरी, कोळसा, पगार सारे वाढत होते आणि तिकीट जागच्या जागी होते. त्यामुळे ते दरवर्षी आपोआप स्वस्त होत गेले. मुलांचे दोन पेन्सचे तिकीट तर तिथल्या लोकांच्या आजही आठवणीत आहे.

तूट भरायची कोणी? घरे आणि दुकाने यांच्यावरच्या स्थानिक कराने, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या 'रेट्स'ने. मोटारीतून फिरणाराही बसचा खर्च उचलत होता. कौन्सिलचे म्हणणे असे की, बसमुळे रस्ते मोकळे राहतात, कामगार वेळेवर पोहोचतो, म्हातारी माणसे घरात कोंडली जात नाहीत. फायदा सर्वांचा, मग खर्चही सर्वांचा. मजूर पक्षाच्याच केंद्र सरकारने भाडे वाढवा म्हणून दबाव आणला. कौन्सिल बधली नाही. इतर शहरांत बसचे प्रवासी झपाट्याने घटत असताना इथे ते टिकून राहिले.

विरोधकांचा मुद्दाही पोकळ नव्हता. १९८१ मध्ये लंडनच्या कौन्सिलने भाडे सुमारे एक तृतीयांश उतरवले, तेव्हा ब्रॉम्ली हा विभाग न्यायालयात गेला. आमच्याकडे भुयारी रेल्वेच नाही, मग तिच्यासाठी कर का भरायचा, अशी त्याची तक्रार होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती कपात बेकायदा ठरवली. १९८२ च्या मार्चमध्ये लंडनचे भाडे दुप्पट झाले.

साउथ यॉर्कशायरला मात्र न्यायालयाने नव्हे, संसदेने हरवले. थॅचर सरकारने १९८३ च्या कायद्याने अनुदानावर लगाम घातला. १ एप्रिल १९८६ रोजी ही काउंटी कौन्सिलच बरखास्त झाली आणि भाडे एका झटक्यात कित्येक पटींनी वाढले. २६ ऑक्टोबरला लंडनबाहेरची बससेवा खुल्या बाजारात सोडण्यात आली. आता एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या बसगाड्या धावू लागल्या. एकीचे तिकीट दुसरीत चालेना. स्पर्धेने भाडे उतरेल, असे सांगितले गेले होते; प्रत्यक्षात भाडे चढले आणि प्रवासी पांगले.

पुढे हळूहळू चक्र उलटे फिरू लागले. २०१७ च्या कायद्याने निवडून आलेल्या महापौरांना मार्ग, भाडे आणि तिकीट ठरवण्याचा अधिकार परत मिळण्याची वाट मोकळी केली. १ जानेवारी २०२३ पासून सरकारनेच इंग्लंडमधील बहुतेक बसमार्गांवर एका फेरीला दोन पौंडांची कमाल मर्यादा घातली. २०२५ मध्ये ती तीन पौंड झाली. मार्च २०२५ मध्ये साउथ यॉर्कशायरच्या महापौरांनी बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणण्याचा निर्णय घेतला.

म्हणजे जो हक्क १९८६ मध्ये काढून घेतला, तो परत मागायला जवळजवळ चाळीस वर्षे गेली. तेव्हा दोन पेन्स देऊन शाळेत जाणारी मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत. मधल्या काळात ज्यांना भाडे परवडले नाही म्हणून दूरची नोकरी, दवाखाना किंवा नातेवाइकाची भेट टाळावी लागली, त्यांची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही. बसची तूट मोजताना हा हिशेबही मांडायला हवा.