हाइन्स, देव्हॉन्टे

(२३ डिसेंबर १९८५– ). ब्रिटिश गायक, गीतकार, संगीतरचनाकार. जन्म पूर्व लंडनमधील इलफर्डचा. वडील सिएरा लिओनचे, आई गयानाची. गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम, चेलो ही सगळी वाद्ये तो वाजवतो. टेस्ट आयसिकल्स या त्रिकुटानंतर त्याने लाइटस्पीड चॅम्पियन आणि ब्लड ऑरेंज ही नावे घेतली. त्यांना मुखवटे म्हणण्याची पद्धत आहे, पण ती फसवी आहे. गाण्याच्या मध्यभागी कोण असणार, हे त्याच्याकडे नावावरून ठरते.

टेस्ट आयसिकल्सचा एकमेव अल्बम (२००५) म्हणजे कर्कश गिटारी, आरडाओरड आणि ड्रमरऐवजी यंत्राचा ठेका. २००६मध्ये त्रिकूट फुटले. पुढे हाच तरुण अमेरिकेतील ओमाहाला गेला आणि माइक मोगिसच्या निर्मितीखाली ‘फॉलिंग ऑफ द लॅव्हेंडर ब्रिज’ (२००८) हा कंट्रीच्या वळणाचा, हळवा, लाइटस्पीड चॅम्पियनचा पहिला अल्बम केला. नाव बदलणे ही बाजारी क्लृप्ती, असा आक्षेप येतो. पण जमलेला श्रोता सोडून पुन्हा शून्यापासून सुरुवात करण्यात बाजाराचा फायदा कुठला? शिवाय तिन्ही नावांमागे डॉमिनो हीच ध्वनिमुद्रण कंपनी होती. म्हणजे करारातून सुटण्याचीही ही युक्ती नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ब्लड ऑरेंजचा ‘कोस्टल ग्रूव्ह्ज’ (२०११) गिटारप्रधान आणि एकट्याचा. ‘निग्रो स्वॉन’ (२०१८) अगदीच वेगळा. मग शैली बदलूनही नाव तेच का? कारण नाव शैलीचे नव्हतेच. ‘क्यूपिड डीलक्स’पासून (२०१३) हाइन्स स्वतःच्या गाण्यात बाजूला सरकत गेला. ‘फ्रीटाउन साउंड’ (२०१६) हे नाव वडिलांच्या गावाचे, पण सुरुवातीलाच ऐकू येते ती अ‍ॅशली हेझची रॅपर मिसी एलियटवरची कविता; ‘निग्रो स्वॉन’मध्ये लेखिका जॅनेट मॉक बोलत राहते. वाद्ये बहुतेक त्याची, आवाज इतरांचे. गायिका सोलान्जच्या ‘लूझिंग यू’चा (२०१२) सहगीतकार आणि निर्माता म्हणून काम करताना ही सवय लागली असावी.

देव्हॉन्टे हाइन्स हे नाव त्याने दुसऱ्यांसाठी लिहिलेल्या संगीताला दिले : ‘क्वीन अँड स्लिम’ (२०१९), ‘पासिंग’ (२०२१) यांसारखे चित्रपट आणि शिकागोच्या थर्ड कोस्ट पर्कशन या तालवाद्यसमूहाने वाजवलेला, ग्रॅमी नामांकन मिळालेला ‘फील्ड्स’ (२०१९) हा अल्बम. उलट आईच्या निधनानंतरचा ‘एसेक्स हनी’ (२०२५) त्याच्या कामातला सर्वांत खासगी. तो मात्र पुन्हा ब्लड ऑरेंजच्या नावाने आला आणि गायिका लॉर्ड व कॅरोलाइन पोलाचेक, लेखिका झेडी स्मिथ यांचे आवाज त्यात आहेत.