देगुची नाओ : वाणी आणि अर्थनिर्णय

जपानमधील ओमोतो पंथाची संस्थापिका देगुची नाओ हिचा जन्म इ. स. १८३७ मध्ये फुकुचियामा येथे झाला. आयाबे येथे सुतारकाम करणाऱ्या पतीच्या आजारपणात आणि १८८७ मध्ये झालेल्या त्याच्या मृत्यूनंतर चिंध्या गोळा करून विकणे, हे तिच्या कुटुंबाच्या निर्वाहाचे एक साधन होते. मेइजी राजवटीतील औद्योगिक प्रगतीची ही दुसरी बाजू होय.

१८९२ मध्ये तिच्या अंगात ईशान्य दिशेची उग्र देवता उशितोरा नो कोंजिन संचारली. अक्षरओळख नसलेल्या नाओने पुढे १९१८ मधील मृत्यूपर्यंत, प्रायः हिरागाना लिपीत, विपुल लेखन केले. विद्यमान जगाची पुनर्घटना होणार, हा त्याचा आशय होता.

तथापि केवळ उच्चार दर्शविणाऱ्या त्या लिपीतील वाक्ये अनेकार्थी होती. १८९८ मध्ये तिला भेटलेल्या व पुढे तिचा जामात झालेल्या ओनिसाबुरो याने त्यांतील निवडक भागास चिनी अक्षरांची जोड देऊन १९१७ पासून तो प्रसिद्ध केला. अक्षर निश्चित होताच अर्थही निश्चित झाला. १९२१ मध्ये शासनाने पंथावर राजद्रोहसदृश आरोप ठेवले, तेव्हा त्याच्यासमोर असलेली वाणी दोन हातांतून घडलेली होती.

म्हणून मुद्रित संहितेवरून नाओचे विचार ठरविताना अभ्यासकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न असा : हे शब्द तिचे खरे, पण त्यांचा अर्थ कोणाचा?