पृष्ठीय तड्याचा प्रतिबल तीव्रता गुणांक
पृष्ठीय तड्याचा प्रतिबल तीव्रता गुणांक ही भंग यामिकीतील एक राशी आहे. घन वस्तूच्या पृष्ठभागावरून आत गेलेल्या तड्याच्या कडेजवळ प्रतिबल किती तीव्र होते, हे ती दर्शविते. प्रतिबल तीव्रता गुणांकाची संकल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज इर्विन यांनी १९५७ मध्ये मांडली. गुणांकाचे मूल्य पदार्थाच्या भंग-चिवटपणाइतके झाले की तडा वेगाने पसरून वस्तू तुटू शकते.

गणन
स्थितिस्थापकतेच्या रैखिक सिद्धांतानुसार तड्याच्या अगदी टोकाशी प्रतिबल अनंत ठरते. त्यामुळे तेथील कमाल प्रतिबल हे मोजमाप निरुपयोगी ठरते व त्याऐवजी गुणांक वापरतात. जाड पट्टीवर लंबदिशेने ओढ असताना लांब, उथळ तड्यासाठी पुढील सूत्र लागू होते :

गुणांक = १.१२ × प्रतिबल × √(पाय × तड्याची खोली)

यातील १.१२ हा अंक मुक्त पृष्ठभागाच्या परिणामामुळे येतो. प्रत्यक्षातील तडे मात्र बहुधा अर्धलंबवर्तुळाकार असतात आणि त्यांच्या कडेवर गुणांक ठिकठिकाणी बदलतो. अशा तड्यांसाठी न्यूमन व राजू यांनी फायनाइट एलिमेंट पद्धतीने काढलेल्या मूल्यांवर आधारित सूत्र १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार अर्धवर्तुळाकार तड्यासाठी १.१२ ऐवजी सर्वांत खोल बिंदूवर सुमारे ०.६६ आणि पृष्ठभागालगत सुमारे ०.७३ हे अंक येतात.

उदाहरण
प्रतिबल २०० मेगापास्कल व खोली २ मिलिमीटर असल्यास लांब तड्याचा गुणांक सुमारे १७.८ मेगापास्कल √मीटर येतो. तेवढ्याच खोलीच्या अर्धवर्तुळाकार तड्याचे कमाल मूल्य सुमारे ११.६ असते.

महत्त्व
गुणांक खोलीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून समान प्रतिबलाखाली अर्धवर्तुळाकार तडा लांब तड्याच्या दुपटीहून अधिक खोल गेल्यावरच धोकादायक ठरतो. विमानांचे भाग किंवा दाबपात्रे तपासताना केवळ खोली मोजणे त्यामुळे पुरेसे नसते. पृष्ठभागावरील लांबीही मोजावी लागते. उथळ तड्यात कमाल मूल्य सर्वांत खोल बिंदूवर असते. त्यामुळे पुनःपुन्हा येणाऱ्या ओढीखाली असा तडा आधी खोल जाऊन हळूहळू अर्धवर्तुळाजवळचा आकार घेतो.

मर्यादा
टोकाजवळ पदार्थ कायमचा विरूपित झालेला भाग तड्याच्या व वस्तूच्या मापांपेक्षा बराच लहान असेल, तरच हे गणन विश्वसनीय ठरते.